नखं काढून देता का?

सकाळचे सहा

फेब्रुवारीत नंदुरबारला जाग येते ती ठसक्याने. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि पहाटेचा वारा जरा या अंगाला फिरला की अख्खी गल्ली खोकते. आम्हाला सवय आहे. पाहुण्यांना वाटतं, शेजारी फोडणी करपली.

चहा उकळायला ठेवून फोन बघितला. रात्री बाराच्या सुमाराला आलेला एका काकूंचा निरोप, सोबत दोन फोटो. ‘मॅडम, आमच्या बंटी बोक्याची नखं काढून देता का? कापून नको, कायमची. मुलगा म्हणतो अमेरिकेत करतात. खर्च किती येईल?’ पहिला फोटो सोफ्याचा. हाताच्या बाजूचं कापड लोंबतंय, आतला फोम बाहेर आलाय. दुसरा काकांच्या मनगटाचा. तीन ओरखडे, एकावर खपली. फोटोंचा क्रम मी लक्षात ठेवला.

उत्तर पाठवलं : ‘संध्याकाळी सहाला घेऊन या. झाकणाच्या टोपलीत आणा. उपाशी ठेवू नका.’ भूल द्यायची असली की आम्ही जनावर उपाशी आणायला सांगतो, त्यामुळे जाणत्याला शेवटच्या वाक्यातच माझं उत्तर कळलं असतं. काकूंकडून लगेच अंगठा आला, म्हणजे त्यांना कळलेलं नव्हतं.

साडेसात, खोंडामळी

पहिलं काम गोऱ्हा बडवायचं. दोन वर्षांचा, अंगाने भरलेला, आणि हल्ली शेजारच्या गोठ्यातल्या गायींच्या वासावर दावं तोडून पळणारा. चौघांनी दोर टाकून त्याला आडवा पाडला, एक जण मानेवर बसला. मी दोन्ही बाजूंच्या नाडीत भुलेची सुई दिली आणि घड्याळ बघत थांबले. हे थांबणं कुणालाच आवडत नाही. गडी खोळंबतात, गोऱ्हा फुसफुसतो.

खाटेवर बसलेले आबा म्हणाले, “सुई काबर, ताई? आमना टाइमले असंच बडवेत.”

त्यांच्या काळी नाड्या लाकडावर धरून वरून मोगरीने ठेचायचे. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललं. आता बर्डिझोचा चिमटा आहे. एका वेळी एकच नाडी धरायची आणि दोन्ही चिमटे वरखाली मारायचे. एका रेषेत आले तर पिशवीचा रक्तपुरवठाच तुटतो. कातडी फाटत नाही, थेंबभर रक्त येत नाही, आत नाडी चिरडल्याचं फक्त हाताला कळतं. सुई नीट लागली असेल तर जनावर त्या क्षणी पाय झाडत नाही. आज झाडला नाही. आबांनी ते पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६०चा. त्याच्या अकराव्या कलमात जनावराचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे, आणि त्याच कलमात थोडं खाली अपवाद आहेत : गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणं, नाकात वेसण घालणं, मात्र हे सगळं ‘विहित पद्धतीने’. ती पद्धत कोणती, हे ठरायला २०२३ साल उजाडलं. त्या वर्षी केंद्राने नियम काढले की ही कामं भूल देऊन आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व्हावीत. तोवर विहित पद्धत म्हणजे आबांची मोगरी.

गोऱ्हा उठून उभा राहिला तसा त्यांचा मुलगा म्हणाला, “मॅडम, आता वेसणीचंही उरकून टाका ना. पुढल्या सालाला गाडीला जुंपायचाय.”

“म्होरकीवर चालवून बघ ना आधी. नवा नियमही तेच सांगतो.”

“म्होरकीवर नांगर चालेल. उसाची भरली गाडी उतारावर लागली तर म्होरकीने बैल थांबतो का?”

याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. उतारावर भरल्या गाडीचा ब्रेक म्हणजे वेसणच, आणि तो लागला नाही तर आधी बैलच गाडीखाली येतो. “आज एकच काम,” एवढं सांगून मी हात धुतले. जाताना दावणीच्या दुसऱ्या बैलाकडे नजर गेली. त्याच्या खांद्यावर लोखंड तापवून ओढलेले चार डाग आहेत, लंगडत होता म्हणून कुणीतरी दिलेले. तो अजून लंगडतो.

साडेनऊ, दवाखाना

पोटफुगीची शेळी. गोचिडांनी भरलेलं कुत्रं. डॉबरमनचं तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन आलेला एक तरुण. कान उभे करून हवेत, कारण ‘रुबाब येतो’. नाही म्हटलं, लसीचं कार्ड हातात दिलं, पाच मिनिटांत विषय संपला. कानाची मागणी परतवणं सोपं असतं, कारण मागणाऱ्यालाही आतून ठाऊक असतं की हा नुसता मिरवण्याचा मामला आहे.

मधेच एका शिक्षिकेचा फोन. शाळेत फिरणाऱ्या मांजराने एका मुलीला बोचकारलंय, थोडं रक्त आलंय, हळद लावलीय. हळद धुऊन टाका म्हटलं. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि तशीच सरकारी दवाखान्यात न्या. रक्त आलंय म्हणजे रेबीजच्या लशीबरोबर जखमेत सीरमही लागेल, आणि लशीचा पहिला डोस आज (हा शून्य दिवस), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे सगळे पुरे करायचे. मांजर लहान म्हणून धोका लहान, असं लोक धरून चालतात. मांजर पंजे चाटतं, आणि पिसाळलेल्या जनावराची लाळ पंजावर असू शकते, हे सांगितलं की बाई गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “रिक्षा बोलावते.”

नखाच्या विरोधात बोलायचं तर हे सगळ्यांत वजनदार कारण आहे. संध्याकाळी काकू तेच पुढे करतील हे मी धरून चालले होते.

साडेबारा, नवापूर

विसरवाडीमार्गे नवापूर. २००६च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला. शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, खड्डे खणले गेले, देशभराचे कॅमेरे आले. २०२१मध्ये तोच आजार पुन्हा आला. त्यामुळे इथल्या कुठल्याही शेडवर आत जाण्याआधी पाय औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात, कपडे बदलावे लागतात, आणि गेटवरचा गडी डॉक्टरलाही सूट देत नाही. बरं करतो.

मला बोलावलं होतं पिल्लांच्या मरीसाठी. पोचले तेव्हा तिथे चोची कापायचं काम चालू होतं.

अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं साधारण आठवडा-दहा दिवसांची झाली की हे करतात. टेबलावर एक यंत्र, त्यात लालबुंद तापलेलं पातं. कापणाऱ्या बाईच्या डाव्या बाजूला पिल्लांची पेटी, उजवीकडे रिकामी. ती पिल्लू उचलते, अंगठा डोक्यामागे, तर्जनी गळ्याखाली. तर्जनीने गळा हलकासा दाबला की पिल्लू जीभ मागे घेतं. हे दाबणं म्हणजे अर्धी कला, नाहीतर चोचीबरोबर जिभेचं टोक जळतं. चोच भोकात, पातं खाली, आणि मग कापलेली कड दोन सेकंद तापल्या पात्याला टेकवून ठेवायची म्हणजे रक्त थांबतं. जळक्या शिंगासारखा वास येतो. पिल्लू दुसऱ्या पेटीत पडतं, डोकं झटकतं आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. तोवर पुढचं पिल्लू भोकाशी आलेलं असतं.

चोच म्हणजे आपल्या नखासारखी मेलेली वस्तू नाही. टोकापर्यंत तिच्यात नसा आहेत, कोंबडी तिनेच जग चाचपते. तरीही कापतात, कारण हजारो पक्षी एका छपराखाली कोंडले की ते एकमेकांना टोचतात. एकीला रक्त आलं की बाकीच्या तुटून पडतात आणि जिवंतपणी सोलतात. हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे शेडमालकाला क्रूर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण टोचणं हा रोग कोंबडीचा नाही, गर्दीचा आहे. गर्दी कमी करणं महाग पडतं, चोच कापणं स्वस्त. जर्मनीतल्या अंडी-व्यावसायिकांनी सरकारशी करार करून २०१६पासून पिल्लांच्या चोची कापणं थांबवलं आहे. त्यासाठी त्यांना जागा, अंथरूण, खाद्य, उजेड, सगळं बदलावं लागलं. हे मी इथे मालकाला सांगितलं. त्याने विचारलं, “आणि अंडं कितीला विकतात?”

मरीचं कारण ब्रूडरमध्ये सापडलं. एका कोपऱ्यातले बल्ब गेले होते, पिल्लं एकावर एक चढून गुदमरत होती. बल्ब बदलायला लावले. पुढच्या खेपेला चोचीआधी पाण्यातून व्हिटॅमिन ‘के’ द्या, रक्त कमी जाईल, हेही सांगितलं. ज्या कामाबद्दल मनात शंका आहे, तेच कमी दुखेल असं कसं करायचं हे शिकवून पैसे घ्यायचे. माझ्या धंद्याचा बराचसा भाग असाच आहे.

साडेतीन, विसरवाडी

चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. इथले लोक मला ओळखतात ते बिबट्यामुळे. तळोदा, अक्कलकुवा, शहादा या पट्ट्यात ऊस वाढला तसे बिबटेही उसात राहायला आले, आणि पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या कसा दिसतो, हा प्रश्न मला दर खेपेला येतो. आज टपरीवाल्याने विचारलं, वाघनखाचं लॉकेट खरं असतं का. खरं असेल तर घालणारा तुरुंगात जाईल, म्हटलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांची.

हे सांगताना मला माझंच हसू आलं. मेलेल्या बिबट्याचं एक नख गळ्यात घातलं तर किमान तीन वर्षं. जिवंत मांजराची दहा नखं हाडासकट काढली तर १९६०च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नासाचा आकडा कायदा झाला तेव्हाचाच आहे. फिर्याद देणारा चिवट निघाला आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम लावलं, तर जनावराला अपंग केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत जाऊ शकतं. पण घरच्या माणसानेच करून घेतलेल्या शस्त्रक्रियेची फिर्याद देणार कोण?

म्हणून काकूंना कायद्याचा धाक घालायचा नाही, असं चहा संपेपर्यंत ठरवलं. पन्नास रुपयांचा धाक सोफ्यापुढे टिकत नाही.

संध्याकाळचे सहा

बंटी भाजीच्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपलीत, वर सुतळीने बांधलेलं झाकण. राखाडी, लांब केसांचा, अर्धा पर्शियन असावा. दीड वर्षाचा बोका. काका एस.टी.तून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला, रक्त पातळ राहायची गोळी चालू. काकू बसल्या बसल्याच बोलायला लागल्या.

“यांना साधा ओरखडा आला तरी रक्त थांबत नाही, मॅडम. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय जपा म्हणून. मांजर मला टाकवत नाही. म्हणून म्हटलं, नखंच काढून टाकू, सगळा प्रश्नच मिटेल.”

कारण खरं होतं. मी बंटीला टेबलावर घेतलं, पुढचा पाय हातात धरून एका बोटाची गादी वरून-खालून हलकेच दाबली. आत दडलेलं नख कोयत्याच्या आकारात बाहेर आलं. पांढरं, टोकाला काचेसारखं, मुळाशी गुलाबी. दाब सोडला की परत आत. मग काकूंचा हात मागितला आणि त्यांच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर माझं बोट ठेवलं.

“आपलं नख मांसावर बसतं. याचं नख या शेवटच्या हाडातूनच उगवतं. नुसतं नख उपटलं तर पुन्हा येतं. कायमचं जायला हवं असेल तर हे पेर सांध्यातून सोडवून काढावं लागतं. पुढच्या एका पायाला पाच, म्हणजे दोन्ही पायांची दहा.”

मला वाटलं होतं त्या हात मागे घेतील. त्यांनी घेतला नाही. शांतपणे म्हणाल्या, “मग अमेरिकेतले लोक काय वेडे आहेत?”

प्रश्न रास्त होता. तिथे मांजर चोवीस तास फ्लॅटमध्ये असतं, काही घरमालक तर भाडेकरूला नखं काढलेलंच मांजर ठेवू देतात, आणि कितीतरी वर्षं हे ऑपरेशन खच्चीकरणाबरोबर एकाच भुलीत उरकलं जायचं. वेडे नव्हते, सोय बघत होते. आता तिथेही वारं फिरलंय. न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये बंदी घातली, मग मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स. बऱ्याच राज्यांत अजून चालतं, तेव्हा मुलगा खोटं बोलत नाही. युरोपात १९८७च्या करारातच हे निषिद्ध ठरवलं होतं. ब्रिटनमध्ये पशुवैद्यक हे करत नाहीत.

“पण करतात ना तिकडे,” काकू म्हणाल्या. त्यांना बंदीचं काही पडलं नव्हतं. त्यांना काका वाचवायचे होते. तेव्हा मी काकांकडूनच सुरुवात केली.

“काका, हा बोचकारतो केव्हा?”

काका खिडकीकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, “सांगा ना आता. मॅडमला सांगा.”

रात्री साडेनऊच्या बातम्या लागल्या की काका गोधडीत पाय घेऊन बसतात आणि गोधडीखालून हात सरकवतात. वर बंटी. गोधडी हलली की बंटी उंदीर समजून झेपावतो, काका हात ओढतात, तो पुन्हा झेपावतो. गेलं वर्षभर दोघांचा हा नेम आहे. ओरखडे मनगटावरच का, ते मला कळलं. पळणाऱ्या मांजराचे ओरखडे दंडावर नाहीतर छातीवर असतात. मनगटावरचे खेळातले.

“हाताऐवजी काठीला चिंधी बांधून खेळवा,” मी म्हटलं, “आणि गोधडीत हात घालणं आजपासून बंद. गोळी चालू आहे तोवर तरी.”

“काठीत मजा नाही,” काका म्हणाले. त्यांचं पहिलं वाक्य.

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही. नखं गेलेलं मांजर निःशस्त्र होत नाही. त्याच्याकडे दात उरतात. २०१७मध्ये अमेरिकेत दोनशे चौऱ्याहत्तर मांजरं तपासली होती, निम्मी नखं काढलेली, निम्मी शाबूत. नखं काढलेल्यांत चावणं जास्त, पाठदुखी जास्त, मातीचा ट्रे सोडून भलतीकडे मुतणं जास्त. शंभरातल्या त्रेसष्टांच्या पंजात हाडाचे तुकडे राहून गेले होते. दुखऱ्या पायाने ट्रेमधली माती खरवडायची म्हणजे काय होत असेल, ते मांजर सोफ्याच्या मऊ गादीवर जाऊन सांगतं. आणि काकांसाठी ओरखड्यापेक्षा चावा वाईट. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरचं भोक बुजतं, आत पू होतो. रक्त थांबत नाही ही एक अडचण, हात सुजून आडवे पडलात तर दुसरी.

‘सोफ्यावर मुततं’ हे ऐकल्यावर काकूंचा चेहरा पहिल्यांदा बदलला. तिथून पुढे आम्ही सोफ्याबद्दल बोललो, आणि काकांच्या मनगटापेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोललो. दिवाळीत घेतलेला. हप्ता अजून चालू. मुलगा येईल तेव्हा काय म्हणेल. सकाळी सहाला बघितलेला पहिला फोटो त्याचाच होता, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पेन्शनीत घेतलेला सोफा ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. फक्त हृदयाच्या डॉक्टरांना पुढे करून त्याची वकिली करायला नको होती.

बंटी कुठे ओरबाडतो? दाराकडच्या कोपऱ्याला, झोपून उठला की. म्हणजे अंग ताणायला, नखावरचं जुनं कवच काढायला, आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ‘हे घर माझं’ म्हणायला. काकूंना सोफ्याखाली सापडणारी नखासारखी पोकळ टरफलं ती हीच. त्या समजत होत्या, नखं तुटून पडतायत. तर उपाय : बाभळीचा नाहीतर कडुलिंबाचा तीन फुटी ओंडका, खाली जड फळी ठोकून, वर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून. डुगडुगला तर मांजर त्याला शिवत नाही. आणि तो सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला खेटून ठेवायचा, गच्चीत नाही. पाहुण्यांना दिसला तर दिसला. त्या बाजूच्या कापडावर महिनाभर जाड प्लास्टिक.

“आमच्याकडे बारदान पडलंय ढीगभर,” काका उत्साहाने म्हणाले, “दोरीऐवजी तेच गुंडाळतो.”

“कसलं?”

“मिरचीचं.”

तेवढं नको, म्हटलं. तो पंजे चाटतो.

मग नखांची टोकं. काकांनी बंटीला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी पहिल्या पंजाची टोकं कापली : गुलाबी भागाच्या पुढे, फक्त अणी, गव्हाच्या दाण्याच्या टोकाएवढी. गुलाबीत जिवंत शीर असते. ती कापली तर रक्त येतं आणि मांजर पुन्हा कधी पाय देत नाही. दुसऱ्या पंजाची दोन नखं काकूंनी स्वतः कापली, श्वास रोखून. दर दोन-तीन आठवड्यांनी हे घरी करायचं. मागच्या पायांना हात लावायची गरज सहसा पडत नाही. रेबीजची लस गेल्या वर्षीची संपत आली होती, तीही टोचली.

“आणि याचं खच्चीकरण करून घ्या,” मी म्हटलं. “रात्री बाहेर जातो, बोक्यांशी मारामारी करतो. कानामागे जुना व्रण आहे बघा. घरात फवारे मारायला लागला तर सोफा कशानेही वाचणार नाही. त्या दिवशी मात्र उपाशी आणा.”

काका टॉवेलाची घडी घालता घालता थांबले. “मॅडम, नखं राहू द्या म्हणता आणि ते काढा म्हणता?”

दिवसभरात मला कुणी विचारलेला सगळ्यांत अवघड प्रश्न हा. मी सांगितलं की नरपण गेलेला बोका कमी भांडतो, कमी भटकतो, जास्त जगतो, त्याची जखम आठवड्यात भरते आणि मग तो चालतो, चढतो, उड्या मारतो ते पहिल्यासारखंच. नखं गेली तर प्रत्येक पावलाला त्याला ते जाणवतं, कारण मांजर बोटांवर चालतं. गल्लीतलं कुत्रं मागे लागलं तर त्याला भिंत चढता येत नाही. काकांना हे पटलं. मला स्वतःला ते बोक्यापुरतं पटतं. सकाळच्या गोऱ्ह्याला हाच हिशेब लावला तर तो जुळत नाही. त्याचं नरपण त्याच्या भल्यासाठी गेलं नाही, गाडीसाठी गेलं. चोचीचंही तसंच. कायद्याने अपवादांची यादी केली ती जनावराला काय परत मिळतं हे बघून केली नाही, शेतकऱ्याचं काय अडतं हे बघून केली. शेती अडते हे खरंच आहे. सोफा अडत नाही, एवढाच त्यातला फरक, आणि काकूंच्या बाबतीत तो मला पुरला.

पावणेनऊ

जेवायला बसले तर अमेरिकेहून फोन. तिकडे सकाळ. मुलगा सभ्य, नीट तयारी करून बोलणारा.

“मॅडम, आई सांगत होती. पण आता लेझरने करतात ना? त्यात रक्त येत नाही म्हणतात.”

“लेझर म्हणजे सुरी बदलली. काढायचं हाड तेच.”

“बाबांचं टेन्शन आहे हो. मी इतक्या लांब.”

हे खरं होतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला माहीत नाही. मी गोधडीचं सांगितलं. तो हसला. बाबा माझ्याशीही तसंच खेळायचे, म्हणाला. मग थोडं थांबून, “सुरतला कुणी करून देईल का?”

नंदुरबारला जे मिळत नाही ते सुरतला मिळतं, हा आमच्याकडचा जुना विश्वास. दवाखाना, साडी, लग्नाचा बस्ता, सगळ्याला गाडी सुरतचीच.

“विचारून बघा,” मी म्हटलं. “पण फोनवरच विचारा, बोक्याला गाडीत घालायच्या आधी. नुसतं नख काढणार की पेर, ते स्पष्ट वदवून घ्या. वेदनेचं औषध किती दिवस देणार ते विचारा. आणि नंतर तो चावायला लागला, तर तुमच्या बाबांच्या गोळीचं काय करायचं, तेही त्यांनाच विचारा.”

“महिनाभर ओंडका लावून बघतो,” तो म्हणाला. ‘बघतो’ म्हणजे काकाच बघणार होते. पण ते मी बोलले नाही.

साडेनऊ

खोंडामळीहून फोन. गोऱ्ह्याला खाली सूज आलीय, घरचे घाबरलेत. हाताला गरम लागते का, वैरण खाल्ली का, लघवी केली का, विचारलं. सगळं ठीक होतं. सूज चार-आठ दिवस राहते, हळूहळू उतरेल. कोरड्या जागेवर बांधा, पाणी भरपूर पाजा, आणि आबांना सांगा, हळद-तेल लावू नका.

“लावून झालं,” मुलगा म्हणाला. मग जरा चाचरत, “मॅडम, वेसणीचं मग कधी धरायचं? गाडीवान आता मिळतो, पुढे लग्नसराईत मिळणार नाही.”

“सूज उतरू दे. पुढच्या महिन्यात. आणि सुई दिल्याशिवाय नाही, आबा काहीही म्हणोत.”

“आबा आत्ताच म्हणत होते,” तो म्हणाला, “सुई दिली तर वेसण बसते का नीट, ते विचार.”

“बसते. आणि तोवर म्होरकी घालून रोज थोडा फिरव. बघ किती ऐकतो ते, मग वेसणीचं ठरवू.”

“म्होरकी नाही घरात.”

“मंगळ बाजारात मिळेल.”

“मंगळवारी बघतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.